आण्णांचा लॅपटॉप आणि त्यातले दोन दिवाणजी

गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, शाहूपुरीतील आमच्या अडत दुकानात नेहमीप्रमाणे वहीपूजनाची मांडामांड चालू होती. चौरंगावर नव्या चोपड्या, लेखणी, हळद-कुंकवाची तबके, आणि त्यांच्या शेजारी २००९ पासून हा मान न चुकता मिळत आलेला काळा, जाडजूड लॅपटॉप. माझ्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे आम्हा सर्वांच्या आण्णांनी, तो त्या वर्षीच्या दिवाळीत घेतला होता. आण्णा आज नाहीत. पूजा आटोपल्यावर त्यांचा मुलगा हळूच मला म्हणाला, "काका, पाडवा झाला की हा भंगारात घालूया की. सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं घेतोय. प्रोसेसरच म्हातारा झालाय त्याचा."

वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्या लॅपटॉपमध्ये २००९ ते २०२१ पर्यंतच्या खतावण्या आहेत, शेतकऱ्यांना दिलेल्या उचलीचे हिशेब आहेत, आण्णांनी स्वतः जुळवलेले शेवटचे ताळेबंद आहेत. शिवाय जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेबाची कागदपत्रे जपावी लागतात. तेव्हा प्रश्न केवळ भावनेचा नव्हता. मी पुतण्याला एवढेच म्हणालो, की भंगारात घालायचाच असेल तर घालू, पण आधी त्याच्यात नेमके काय म्हातारे झाले आहे ते पाहू.

पुढचे काही दिवस मी, पुतण्या आणि संगणक अभियंता असलेले आमचे धाकटे जावई अशा तिघांनी या यंत्राच्या मागे घालवले. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो, कारण असा एखादा जुना 'ड्युअल कोअर' लॅपटॉप आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर, माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी पडून असेल, आणि त्याच्याविषयीचे समज आमच्यासारखेच चुकीचे असण्याचा संभव आहे.

पहिला समज विकत घेतानाच आमच्या पदरी पडला होता. ज्याने तो लॅपटॉप विकला, त्याने आण्णांना सांगितले होते, "दोन कोअर आहेत, प्रत्येकी २.२, म्हणजे ४.४ समजा." आण्णा अडत्याच होते, वजनाला वजन मिळवायची त्यांना सवय. त्यांनी ते मान्य केले. पण कोअरचे गणित गुळाच्या रव्यांसारखे नाही.

कोअर म्हणजे प्रत्यक्ष हिशेब करणारा गाभा. २.२ गिगाहर्ट्झ याचा अर्थ त्या गाभ्याच्या घड्याळाचे सेकंदाला २२० कोटी ठोके पडतात. दोन कोअर म्हणजे पेढीवर दोन दिवाणजी बसवले, इतकेच. एक दिवाणजी ताशी चाळीस पावत्या लिहीत असेल, तर दोघे मिळून ऐंशी लिहितील, हे खरे. पण पावत्या वेगवेगळ्या असतील तरच. एकच पावती दोघांना अर्धी-अर्धी देता येत नाही. एका आसामीची मागील बाकी काढल्याशिवाय पुढची ओळ लिहिता येत नसेल, तर दुसरा दिवाणजी तिथे नुसता बसून राहतो. समजा, वर्षअखेरीचे एखादे काम दहा मिनिटांचे आहे, त्यातील सहा मिनिटांचे काम ओळीनेच व्हावे लागते आणि चार मिनिटांचे वाटून घेता येते. दोन कोअर लावले तर वेळ लागेल आठ मिनिटे, पाच नव्हे. जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने हे तत्त्व १९६७ मध्येच मांडून ठेवले आहे. म्हणजे आण्णांच्या लॅपटॉपवर एका बाजूला छपाई चालू असताना दुसऱ्या बाजूला नोंद करता यायची, ती दोन कोअरची कृपा. पण एकटी नोंद काही दुप्पट वेगाने होत नव्हती.

मग दोन कोअर काढण्याची गरजच का पडली? याची कथा मोठी रंजक आहे आणि तिचे एक टोक आपल्या पुण्यात आहे. १९९३ साली इंटेलने पेंटियम बाजारात आणला. त्याच्या निर्मितीचे नेतृत्व करणारे विनोद धाम हे पुण्यात जन्मलेले. पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा होता. पुढची दहा वर्षे सारी चढाओढ या आकड्याभोवती फिरली. २००४ पर्यंत पेंटियम ४ थेट ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला, आणि तिथेच अडला. ठोके वाढवायचे तर वीज वाढे, वीज वाढली की उष्णता वाढे. शंभर वॉटच्या वर गेलेला तो प्रोसेसर थंड ठेवणेच अवघड होऊन बसले. त्याच्या पुढची आवृत्ती इंटेलने त्याच वर्षी रद्द केली. दरम्यान इस्राएलमधील हैफा येथील त्यांच्या चमूने लॅपटॉपसाठी वेगळी वाट धरली होती: ठोके कमी, पण प्रत्येक ठोक्यात काम जास्त. त्या वाटेवरून २००६ च्या जुलैमध्ये कोअर २ ड्युओ आला. एका ठोक्यात चार सूचनांपर्यंत हाताळणारे दोन गाभे एकाच चकतीवर. घाईघाईने अक्षर बिघडवणाऱ्या एका कारकुनाऐवजी संथपणे, पण नेमके लिहिणारे दोघे ठेवावेत, तसा हा बदल होता. त्यामुळेच २.२ चा कोअर २ ड्युओ ३.८ च्या पेंटियम ४ ला सहज मागे टाकू शकला. आकडा मोठा तो माल भारी, हा हिशेब तेव्हापासून चालेनासा झाला.

या घराण्याचा भारताशीही संबंध आहे. २००८ मध्ये इंटेलने मोठ्या सर्व्हर संगणकांसाठी सहा कोअरचा एक प्रोसेसर काढला. त्याचा आराखडा बंगळुरूमध्ये तयार झाला होता. त्यातील सहा गाभे म्हणजे कोअर २ च्याच पिढीच्या तीन जोड्या. आण्णांच्या लॅपटॉपमधील दोन दिवाणजींचे चुलतभाऊच म्हणा ना. हे ऐकल्यावर पुतण्याने प्रथमच त्या यंत्राकडे जरा आदराने पाहिले.

आता आमच्या यंत्राची प्रत्यक्ष ओळख. त्याचा प्रोसेसर कोअर २ ड्युओ टी ६६००. यातील 'टी' म्हणजे साधारण पस्तीस वॉटचा लॅपटॉप प्रोसेसर. 'पी' असता तर पंचवीस वॉटचा असता. घड्याळ २.२ गिगाहर्ट्झ, ४५ नॅनोमीटर तंत्राने घडवलेला, २००९ च्या आरंभी बाजारात आलेला. आणि त्याच्या माहितीत एक शब्द आला, जो ऐकून आमच्या दुकानातील जुने हमाल तुकारामभाऊसुद्धा थबकले: कॅश, दोन एमबी.

ही रोकड नव्हे. इंग्रजीत स्पेलिंग निराळे, अर्थ 'जवळ दडवून ठेवलेला साठा'. पण व्यापाऱ्याला ही कल्पना समजावून सांगण्याची गरजच नाही, कारण आपली प्रत्येक पेढी याच पद्धतीने चालते. जो माल क्षणोक्षणी लागतो तो गादीच्या उजव्या हाताशी. जो तासाभरात लागेल तो मागच्या फळीवर. आठवड्याचा माल माळ्यावर. आणि उरलेला सगळा मार्केट यार्डातील गोदामात. प्रोसेसरचेही तसेच. प्रत्येक कोअरच्या हाताशी ३२ आणि ३२ केबीचे दोन चिमुकले कप्पे असतात, एक सूचनांचा आणि एक माहितीचा, ही गादी. दोन्ही कोअर मिळून वापरतात ती दोन एमबीची कॅश ही मागची फळी. रॅम हा माळा. आणि हार्ड डिस्क हे गोदाम.

या चार जागांमधील अंतर किती, हे जावयांनी ज्या रीतीने सांगितले ती मला फार आवडली. कोअरचा एक ठोका म्हणजे एक सेकंद असे धरा. मग गादीवरची वस्तू हाती यायला तीन सेकंद लागतात. मागच्या फळीवरची, पंधराएक सेकंद. माळ्यावरची, तीन मिनिटांच्या आसपास. आणि गोदामातली? जुनी फिरती हार्ड डिस्क एखादी माहिती शोधून द्यायला साधारण बारा मिलिसेकंद घेते. सेकंदाला २२० कोटी ठोके या हिशेबाने ते होतात दोन कोटी चौसष्ट लाख ठोके, म्हणजे आपल्या मापाने दोन कोटी चौसष्ट लाख सेकंद. दिवसांत मांडा: तीनशे पाच. चैत्रात मागवलेला माल माघात दारात यावा, आणि तोवर दोन्ही दिवाणजींनी लेखणी हातात धरून बसून राहावे!

येथे आमचे कोडे सुटले. पुतण्या ज्याला 'प्रोसेसर म्हातारा झाला' म्हणत होता, ते खरे तर गोदामाचे दुखणे होते. लॅपटॉपमध्ये रॅम होती फक्त दोन जीबी. २००९ च्या मालासाठी तो माळा पुरेसा होता. आजच्या विंडोजचा नुसता बारदानाच त्यात मावत नाही. माळा भरला की संगणक उरलेला माल गोदामात टाकतो आणि लागेल तसा परत आणतो. प्रत्येक खेपेला दहा महिने. प्रोसेसर बिचारा बहुतेक वेळ रिकामा बसून होता. टास्क मॅनेजर उघडून पाहिले तेव्हा हे स्पष्ट दिसले: डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटलेला, आणि प्रोसेसरचा वीस-पंचवीसच्या पुढे जात नव्हता. ज्यांच्या घरी असा लॅपटॉप असेल त्यांनी निकाल देण्यापूर्वी हे दोन आकडे एकदा पाहावेत. खर्चाचा अर्धा निर्णय तिथेच होतो.

वस्तुतः सिलिकॉनच्या त्या चकतीला म्हातारपण असे येतच नाही. २००९ मध्ये ती सेकंदाला २२० कोटी ठोके देत होती, आजही देते. एकच गोष्ट तिला मंद करते, ती म्हणजे ताप. मर्यादेपेक्षा गरम झाला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो. आमच्या ओळखीच्या कारागिराने लॅपटॉप उघडला तेव्हा पंख्याच्या तोंडाशी धुळीची अक्षरशः गादी बसलेली होती; अडत दुकानातली धूळ, तिच्यात गुळाची चिकटी. प्रोसेसर आणि उष्णता वाहून नेणारी तांब्याची पट्टी यांच्यामध्ये जो लेप असतो, तो वाळून खडूसारखा झाला होता. धूळ काढली, नवा लेप लावला. मग रॅम चार जीबी केली आणि फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. एसएसडीला एक माहिती काढून द्यायला एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास वेळ पुरतो. आपल्या मापाने अडीच दिवस. दहा महिन्यांच्या जागी अडीच दिवस! सुरू होताना चहा पिऊन संपत असे, तिथे आता कप उचलेपर्यंत पडदा तयार असतो.

रॅमच्या बाबतीत एक खाच आहे. २००९ मध्ये आमच्या यंत्रात ३२ बिटांची विंडोज घालून दिलेली होती. ती कितीही रॅम बसवली तरी सव्वातीन-साडेतीन जीबीच्या पलीकडे वापरू शकत नाही. कोअर २ ड्युओ मात्र ६४ बिटांचा आहे; तेव्हा विंडोज बदलून घेतल्याखेरीज वाढवलेल्या रॅमचे पैसे पुरते वसूल होत नाहीत. त्याच्या आधी, २००६ च्या जानेवारीत आलेल्या 'कोअर ड्युओ'ला ही सोय नाही. तो ३२ बिटांचाच. नावात फक्त '२' चा फरक, पण फरक मोठा.

नावांच्या या घोळाने अनेकांना फसवले आहे. पुतण्याच्या एका मित्राने मध्यंतरी जुना लॅपटॉप घेतला. विकणाऱ्याने 'ड्युअल कोअर २.२, तुमच्या काकांचाच माल' म्हणून तो गळ्यात मारला. निघाला पेंटियम टी ४४००. घड्याळ तेच २.२, कोअर तेच दोन, पण मागची फळी एकच एमबीची. उलट २००७ चा कोअर २ ड्युओ टी ७५००, तोही २.२ चाच, पण त्याची फळी चार एमबीची. तीन प्रोसेसर, तिघांवर एकच आकडा, आणि फळी चार, दोन, एक. फळी लहान म्हणजे माळ्याच्या शिडीवर वारंवार चढउतार. मोठी खतावणी उघडताना हा फरक हाताला जाणवतो. म्हणून केवळ 'ड्युअल कोअर' या शब्दावर सौदा करू नये. अक्षर आणि चार आकडी क्रमांक विचारावा.

या पिढीचा एक दोष मात्र कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. माळ्याकडे जाण्याचा दरवाजा दोन्ही कोअरना मिळून एकच आहे. नंतरच्या पिढ्यांत रॅमचा कारभार प्रोसेसरच्या पोटातच आला. टी ६६०० मध्ये तो शेजारच्या निराळ्या चिपकडे आहे, आणि तिच्यापर्यंतचा रस्ता सेकंदाला फार तर ६.४ जीबी माहिती वाहतो. दोन्ही दिवाणजी एकाच वेळी माळ्यावर निघाले की दारात अडतात. खतावणीसाठी हा रस्ता ऐसपैस आहे. आजच्या पद्धतीचे व्हिडिओ पाहायचे झाले तर तो पुरत नाही, कारण त्यांची नवी बांधणी उलगडणारा वेगळा भागच या यंत्रात नाही. सारा भार दोन कोअरवर पडतो आणि पंखा घोंघावू लागतो.

मग विंडोज ११? ती येथे बसत नाही, आणि हे सांगताना पुतण्याचा चेहरा थोडा विजयी झाला होता. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे त्या लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधीच, थांबवली. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांना अशा काही सूचना लागतात, ज्या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आमच्या यंत्राच्या पुढच्या पिढीपासून आल्या. ही कुणी मुद्दाम घातलेली आडकाठी नव्हे, त्या दिवाणजींना ती लिपीच येत नाही.

आणि याहून गंभीर बाब २०१८ च्या जानेवारीत उघड झाली होती. वेग साधण्यासाठी प्रोसेसर पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून काम आधीच करून ठेवतो. तो अंदाज चुकला तर केलेले काम टाकून देतो, पण त्याच्या खुणा कॅशमध्ये राहतात, आणि त्या खुणांवरून दुसऱ्याची गुप्त माहिती ओळखता येते, असे संशोधकांनी दाखवून दिले. त्यांना मेल्टडाउन आणि स्पेक्टर अशी नावे पडली. काही भाग विंडोजच्या दुरुस्तीने झाकला गेला. परंतु प्रोसेसरच्या आतील सूचनांची जी दुरुस्ती इंटेलने नव्या पिढ्यांना दिली, ती आमच्या पिढीला देणार नसल्याचे त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जाहीर केले.

यावरून आमच्या घरात थोडा वाद झाला. पुतण्या आता उलट्या टोकाला गेला होता. "एवढा पळतोय तर बँकेचं कामपण ह्याच्यावरच करूया की काका," असे त्याचे म्हणणे. मी ठाम नकार दिला, आणि तो नकार मला आजही योग्य वाटतो. ज्या यंत्राच्या कुलपाची दुरुस्ती कुणी करत नाही, त्याच्यावर पेढीचे बँक खाते, जीएसटीचे विवरणपत्र, आयकराचा संकेतशब्द यांपैकी काही उघडू नये. वेग आणि सुरक्षितता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ही कामे नव्या संगणकावर होतात. आण्णांच्या लॅपटॉपला इंटरनेट जोडलेले नाही. त्याचे वायफाय कारागिराकडून बंदच करून घेतले.

जुनी डिस्क काढल्यावर तिच्यावरील सर्व खतावण्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. एक दुकानात, एक घरी वहिनींच्या कपाटात. जुनी डिस्क भंगारात दिलेली नाही. पुसलेल्या फायली जाणकाराला परत काढता येतात, आणि तिच्यात आमचेच नव्हे तर आमच्याशी व्यवहार करणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांचे हिशेब आहेत.

लॅपटॉप आता गादीच्या डाव्या हाताला एका लहानशा मेजावर असतो. जुनी बाकी निघाली, एखाद्या शेतकऱ्याने दहा वर्षांपूर्वीचा पट्टी-हिशेब विचारला, की तो उघडतो. परवा वडणग्याचे एक वृद्ध गृहस्थ २०१४ च्या हंगामाची त्यांची नोंद पाहायला आले होते. पुतण्याने ती मिनिटभरात काढून दिली. ती वाचून झाल्यावर ते म्हणाले, "माझ्या नातवाचापण असाच एक जुना पडलाय घरात, टाकून द्यायला निघालाय." पुतण्याने लगेच विचारले, "आजोबा, त्याच्यावर 'टी' लिहिलंय का 'पी'? आणि पुढचा आकडा तेवढा बघून सांगा."